सफारीच्या मागच्या कॉइल स्प्रिंगा घरी बदलायच्या आहेत; जाड तारेच्या घ्याव्यात का?

संत्राबाग_काटोल

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०१० सालची टाटा सफारी डायकॉर २.२, फोर बाय फोर आहे. राहतो नागपुरात, मानेवाडा भागात. संत्र्याची बाग मात्र काटोलकडे आहे, आणि तिथे पोहोचताना शेवटचे चार किलोमीटर पांदण रस्त्याने जावे लागते. ज्यांनी विदर्भातील काळ्या मातीची पांदण पावसाळ्यात पाहिली आहे, त्यांना ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या किती खोल असतात हे सांगायला नको. गेली कित्येक वर्षे आंबिया आणि मृग अशा दोन्ही बहारांत मागची आसने दुमडून वीस-बावीस क्रेट संत्री मी याच गाडीतून आणली आहेत. गाडी त्यासाठी बनलेली नाही हे मला मान्य आहे, त्यामुळे पुढे जे लिहितो आहे त्याचा दोष मी गाडीला देत नाही.

आता गाडी मागून स्पष्टपणे बसलेली दिसते. चार माणसे असली की गतिरोधकावर मागून धाडकन आवाज येतो. रात्री काटोल रस्त्याने परतताना माझे दिवे लो बीमवर असूनही समोरून येणारे चालक सारखे डिपर मारतात. शॉकॲब्सॉर्बर दोन वर्षांपूर्वी बदलले आहेत आणि त्यांतून तेल गळत नाही.

दोन ठिकाणी विचारले. एका ठिकाणी सांगितले की मूळ स्प्रिंगा घेऊच नका, एक मिलिमीटर जाड तारेच्या बसवा, म्हणजे पुन्हा बसणार नाहीत. दुसऱ्या ठिकाणी त्याच स्प्रिंगा भट्टीत तापवून, ताणून उंच करून देण्याची तयारी दाखवली. मला दोन्ही सल्ले पटलेले नाहीत, पण का पटले नाहीत हे नीट सांगताही येत नाही.

मृगाची फळे उतरून झाली आहेत, आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी हे काम घरीच करावे असा विचार आहे. माझ्याकडे तीन टनी ट्रॉली जॅक, दोन जॅक स्टँड, सॉकेटचा पूर्ण संच आणि मेहुण्याकडून आणलेला टॉर्क रेंच आहे. ब्रेक पॅड, तेल, फिल्टर ही कामे मी स्वतः करतो. त्यापलीकडे गाडीखाली कधी गेलेलो नाही. लहानपणी एका गॅरेजात पुढची स्प्रिंग ती दाबून धरणाऱ्या कंप्रेसरमधून सुटून पत्र्याच्या छताला लागलेली पाहिली आहे, तेव्हापासून स्प्रिंगची धास्ती मनात बसली आहे. मागच्या स्प्रिंगांना कंप्रेसर लागतो का, आणि हे काम माझ्यासारख्याने हाती घ्यावे का, हे कृपया सांगावे.

निवृत्त_यंत्रज्ञ

भाऊ, आधी मोजमाप, मग खरेदी, आणि त्यानंतर जॅक. तुम्ही तिसऱ्या पायरीपासून सुरुवात केली आहे.

गाडी सपाट जागी उभी करा, टाकी साधारण अर्धी भरलेली असू द्या, आत सामान नको. चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या काठापर्यंतचे उभे अंतर चारही चाकांवर मिलिमीटरमध्ये मोजा. जमिनीपासून मोजू नका, कारण टायरमधली हवा कमी-जास्त असली की आकडा बदलतो. नंतर तुमच्याच मॉडेलची, फार भार न वाहिलेली एखादी सफारी शोधून तिचेही हेच अंतर मोजा. ‘बसलेली दिसते’ या दोन शब्दांवर कोणी हजारो रुपये खर्च करू नयेत.

दोन्ही बाजूंचे आकडे वेगळे आले तर ते लिहून ठेवा. चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे काही मिलिमीटरचा फरक असू शकतो. पण दहाच्या पुढे फरक गेला, आणि विशेषतः डावी बाजू अधिक खाली असली, तर स्प्रिंगचे खालचे टोक तपासायला हवे. चिखलात चालणाऱ्या गाड्यांत खालच्या वाटीत, म्हणजे स्प्रिंग जिथे टेकते तिथे, माती साचते, ओल टिकते, तारेवरचा लेप निघतो, आणि शेवटचा वेटोळा गंजून तुटतो. तुटलेला तुकडा वाटीतच अडकून राहत असल्यामुळे बाहेरून काही दिसत नाही.

आता जाड तारेविषयी. कॉइल स्प्रिंगची कडकपणाची पातळी तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर, वेटोळ्याच्या सरासरी व्यासाच्या घनावर आणि कार्यरत वेटोळ्यांच्या संख्येवर ठरते. उदाहरणादाखल १४ मिमी तार, १३० मिमी सरासरी व्यास आणि सहा कार्यरत वेटोळे धरले, तर पोलादाच्या स्प्रिंगला एक मिलिमीटर दाबायला सुमारे २९ न्यूटन, म्हणजे साधारण तीन किलोचा भार लागतो. हे आकडे तुमच्या गाडीचे नाहीत, हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत. बाकी सर्व तेच ठेवून तार १५ मिमीची केली की हाच आकडा ३८ न्यूटनवर जातो. तार जाड झाली सात टक्के. स्प्रिंग कडक झाली जवळजवळ ३२ टक्के.

याचा परिणाम असा. बावीस क्रेट, प्रत्येकी वीस किलो, म्हणजे ४४० किलो पूर्णपणे मागच्या ॲक्सलवर आले असे धरू. पहिल्या स्प्रिंगांवर गाडी सुमारे ७४ मिमी दबेल, जाड स्प्रिंगांवर ५७ मिमी. हे सतरा मिलिमीटर वाचवण्यासाठी तुम्ही वर्षाचे उरलेले अकरा महिने रिकाम्या गाडीत पाठ हलवून घेणार. शिवाय मोकळी लांबी तीच असेल तर रिकामी गाडी मागून सुमारे तीस मिमी उंच उभी राहील, पांदणीत एक चाक खड्ड्यात गेल्यावर ते खाली सोडायला स्प्रिंग कमी तयार असेल, आणि जुन्या स्प्रिंगसाठी जुळवलेला शॉकॲब्सॉर्बर कडक स्प्रिंगची उसळी नीट आवरू शकणार नाही. मूळ मापाच्याच घ्या.

स्प्रिंग ‘नरम पडते’ असे सगळेच म्हणतात, पण ते बरोबर नाही. तारेची जाडी, व्यास आणि पोलादाचा गुणधर्म तेच राहतात, म्हणून कडकपणाही जवळपास तोच राहतो. कमी होते ती मोकळी लांबी. वारंवार अति भार पडल्याने तार थोडी कायमची पिळली जाते आणि स्प्रिंग आखूड होते. तापवून ताणल्यावर लांबी परत मिळालेली दिसते हे खरे, परंतु लाल होईपर्यंत तापवलेल्या तारेचे पाणी उतरते, म्हणजे कारखान्यात काळजीपूर्वक दिलेली उष्णता-प्रक्रिया नाहीशी होते. अशी स्प्रिंग काही दिवसांत पुन्हा बसते, किंवा पुन्हा पाणी देताना चुकीने अति कडक झाली असेल तर तुटते. ट्रकच्या पाट्यांना कमान देण्याचा उद्योग आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे; तेच गणित कॉइलला लावले जाते, आणि तिथे घात होतो.

दिव्यांचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. सफारीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंमधले अंतर, २६५० मिमी आहे. मागचा भाग २८ मिमी बसला असे धरले, तरी गाडी जेवढी कलते त्याने पंचवीस मीटरवर झोत सुमारे २६ सेंटिमीटर वर जातो. समोरचा माणूस उगाच डिपर मारत नाही.

पेंच_वाटाडी

मी हे काम त्रिमूर्तीनगरमध्ये घराच्या पार्किंगमध्ये केले आहे, गाडीही सफारीच, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

कंप्रेसर लागत नाही. लहान गाड्यांच्या पुढच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकाच खांबावर असतात, स्प्रिंग तिथे दोन वाट्यांत आवळलेली असते, म्हणून ती उघडताना तुम्ही पाहिला तसा प्रकार घडतो. सफारीच्या मागे सरळ, अखंड ॲक्सल आहे. तो पाच दांड्यांनी चासीला जोडलेला आहे, स्प्रिंग चासी आणि ॲक्सलच्या मध्ये बसते आणि शॉकॲब्सॉर्बर वेगळा असतो. चासी उंच धरून ठेवायची आणि ॲक्सल सावकाश खाली सोडायचा, एवढेच तत्त्व आहे. ॲक्सल पुरेसा खाली गेला की स्प्रिंग हाताने हलते. तरीही ती दाबलेली असेपर्यंत तिचा मान ठेवावा: वरच्या हिशेबातली स्प्रिंग शंभर मिलिमीटर दबलेली असेल, तर पंधरा किलोचे वजन एक मीटर उंचीवरून पडावे एवढी ऊर्जा तिच्यात असते. मी स्प्रिंगच्या वेटोळ्यांतून जाड साखळी घालून चासीला सैल बांधली होती. ती कामी आली नाही, याचेच समाधान आहे.

सर्वांत जास्त विचार जागेचा करावा. काळ्या मातीच्या अंगणात हे काम करू नका, माती उन्हाळ्यात दगडासारखी वाटली तरी तिला भेगा असतात आणि घोडीचा, म्हणजे जॅक स्टँडचा, पाय त्यात एका बाजूने रुततो. काँक्रीट हवे. माझ्याकडे पेव्हर ब्लॉक होते आणि तिथेच मी चुकले. ट्रॉली जॅकचा हात वर जाताना वर्तुळात फिरतो, त्यामुळे जॅकला स्वतःच्या चाकांवर थोडे पुढे सरकावे लागते. माझ्या जॅकचे एक चाक दोन ब्लॉकांच्या फटीत अडकले, जॅक सरकला नाही, आणि त्याऐवजी गाडीच दोन बोटे मागे ओढली गेली. तेव्हा घोड्या अजून लावायच्या होत्या आणि मी गाडीखाली नव्हते. नंतर इतवारीतल्या लोहा ओळीतून जाड पत्रा आणून जॅकखाली अंथरला आणि मगच पुढे गेले.

घोड्यांची उंचीही तपासा. साध्या तीन टनी घोड्या या कामाला बहुधा ठेंगण्या पडतात, कारण चासी आधीच उंच असते आणि तिच्यावर ॲक्सल खाली सोडण्याइतकी जागा आणखी हवी असते. पूर्ण ताणल्यावर किमान साठ सेंटिमीटर होतील अशा घ्या. कमी पडणारी उंची विटांनी भरून काढू नये. वीट भार सोसते तोवर सोसते आणि पूर्वसूचना न देता फुटते.

पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे घट्ट लावा. हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो, ती चाके हवेत गेल्यावर त्याचा काही उपयोग उरत नाही. उलट ॲक्सल खाली जाताना त्याच्या केबलला ताण बसतो, म्हणून तो सोडलेलाच ठेवावा. मी फोर हाय लावून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली होती, पण भरवसा ठोकळ्यांवर.

चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. मग डिफरन्शियलच्या (ॲक्सलच्या मध्यावरच्या गोळ्याच्या) खाली जॅक लावून मागची बाजू उचला, आणि मागच्या दांड्या चासीला जिथे जोडल्या आहेत त्याच्या थोडे पुढे, चासीच्या सपाट भागाखाली घोड्या लावा. जॅक सैल केल्यावर बाहेर उभे राहून गाडी बाजूने जोरात ढकलून पाहा. ती हलायचीच असेल तर आत्ता हलू द्या. काढलेली दोन्ही चाके चासीखाली आडवी सरकवा.

यानंतर जॅक पुन्हा ॲक्सलखाली हलका टेकवा आणि मग शॉकॲब्सॉर्बरचे खालचे बोल्ट काढा. हा क्रम उलटा करू नका, कारण ॲक्सल किती खाली जाईल हे तोवर शॉकॲब्सॉर्बरच रोखून धरतो. आधार न देता बोल्ट काढला तर ॲक्सल एकदम खाली जातो आणि त्याचा झटका ब्रेकच्या रबरी नळीला बसतो. माझ्या दृष्टीने ही नळीच या कामातली सर्वांत नाजूक वस्तू. तिचा ब्रॅकेट सोडवता आला तर सोडवा, नाहीतर ॲक्सल खाली जाताना एका माणसाने फक्त तिच्याकडे पाहत बसावे. डिफरन्शियलच्या श्वासनळीची छोटी रबरी पाइप, एबीएस असल्यास त्याची वायर, आणि भारानुसार ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह असल्यास त्याची दांडी, या तिन्हींवरही लक्ष हवे. त्या दांडीची जागा रंगाने खूण करून ठेवल्याशिवाय ती सोडू नका.

जॅक हळू सोडत ॲक्सल खाली आणा. स्प्रिंग थोडी अडली तर दुसऱ्या माणसाने ॲक्सलचे ते टोक पायाने दाबले की मोकळी होते. पहार घालून उचकटू नये. जुनी स्प्रिंग काढल्यावर वरची आणि खालची वाटी तारेच्या ब्रशने साफ करून गंजरोधक प्रायमर लावा, रबरी गाद्या तपासा, शक्यतो नव्या घाला. नवीन स्प्रिंगचे वरचे आणि खालचे टोक सारखे असतेच असे नाही; जुनी शेजारी ठेवून जुळवा. तारेचे टोक वाटीतल्या खाचेला भिडले पाहिजे. खाचेपासून दोन बोटे दूर राहिले तर ॲक्सल वर आणताना ते फिरते आणि गादी कापते.

ॲक्सल वर आणा, शॉकॲब्सॉर्बरचे बोल्ट हाताने फिरतील एवढेच लावा, चाके लावा, गाडी खाली घ्या. चार-सहा वेळा मागून दाबा, पुढे-मागे थोडी सरकवा, आणि मग, गाडीचा भार चाकांवर असतानाच, सैल केलेले सगळे बोल्ट टॉर्क रेंचने आवळा. रबरी बुशचा आतला नळकांडा बोल्टबरोबर घट्ट होतो. ॲक्सल लोंबकळत असताना तो आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहते आणि काही महिन्यांत फाटते. गॅरेजात घाईने हीच पायरी वगळली जाते.

काम पहाटे साडेपाचला सुरू करा. मे महिन्यात नऊनंतर लोखंडी पाने हातात धरवत नाहीत, आणि उन्हाने त्रासलेला माणूस घोडी तपासायला विसरतो. एकट्याने तर मुळीच करू नका.

जिम्नी_रामटेक

स्प्रिंगा काढणारच आहात तर दोन इंच लिफ्ट, म्हणजे गाडी तेवढी उंच, का करून घेत नाही? पांदणीत तेवढाच फायदा.

निवृत्त_यंत्रज्ञ

फायदा दिसतो त्यापेक्षा कमी आहे. ॲक्सलचा डिफरन्शियलचा गोळा स्प्रिंगने वर जात नाही, तो टायरच्या उंचीनेच वर जातो. चाकोरीत आधी घासतो तोच. उलट ब्रेकची नळी, प्रॉपेलर शाफ्टचा कोन, शॉकॲब्सॉर्बरची लांबी, पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला बाजूला सरकू न देणारी आडवी दांडी), हे सगळे बदलावे लागते. सफारीला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळल्या जाऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या सळया, आहेत, त्यामुळे पुढचा भाग वर घेणे सोपे वाटते, पण तसे करताना पुढची चाके खाली जाण्याचा वाव कमी होतो. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलांपासून गाडी वेगळी करता येत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनी हाच मुद्दा काढते. मूळ मापाची स्प्रिंग घातली की यांपैकी काहीच उद्भवत नाही. मूळ उंचीवर परत येताना पॅनहार्ड रॉडमुळे ॲक्सल एक-दोन मिलिमीटर बाजूला सरकेल, त्याची चिंता करू नये.

संत्राबाग_काटोल

सर, ताई, दोघांचेही मनापासून आभार. मोजमाप केले. हिंगण्यातील एका परिचितांची २०११ ची सफारी मिळाली, ती बहुतेक घरीच उभी असते. तिची मागची दोन्ही अंतरे ५१० मिमी. माझी उजवीकडे ४८८ आणि डावीकडे ४७६. म्हणजे उजवी २२ ने आणि डावी ३४ ने खाली. सरासरी नेमकी २८ येते, त्यामुळे सर, दिव्यांचा तुमचा हिशेब जणू माझ्याच गाडीसाठी होता.

डावी बाजू बारा मिलिमीटर अधिक खाली आहे. टॉर्च मारून पाहिले, परंतु वाटीत माती इतकी घट्ट बसली आहे की टोक दिसत नाही. पेट्रोल पंपावर धुऊन घेतले तरी तेच.

घाटरोड_मिस्त्री

भाऊ, पंचवीस वर्षे हेच काम करतो आहे, त्यामुळे ताईंनी लिहिलेले वाचून बरे वाटले. माझ्याकडून तीन-चार गोष्टी.

स्प्रिंगा विकत घेताना दुकानातच टेप लावा. जोडीच्या दोन्ही स्प्रिंगा उभ्या ठेवून उंची मोजा. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर ती जोडी घेऊ नका. सुट्टी एक स्प्रिंग बदलून भागवू नका. पार्ट नंबर गाडीच्या चासी नंबरवरून काढून घ्या, कारण एकाच नावाच्या गाडीत इंजिन, आसने आणि सालाप्रमाणे स्प्रिंगा बदलतात. तारेवर रंगाचे पट्टे असतात ते पुसू नका. त्यांच्यावरून जोडी ओळखता येते.

काम ठरवण्याच्या आधी तीन रात्री सगळ्या बोल्टांना गंज सोडवणारे तेल लावत जा. तरीही शॉकॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट बुशच्या नळकांड्यात गंजून एकजीव झाला असेल, तर घरी झटापट करू नका आणि कोणाकडून गॅस कटर तर अजिबात आणू नका. डिझेलची टाकी आणि ब्रेकची नळी तिथून लांब नाहीत. बोल्ट पुन्हा आवळा, गाडी चालवत घेऊन या, आमच्यासारख्याकडे ते दहा मिनिटांचे काम आहे.

बंप स्टॉप, म्हणजे ॲक्सल फार वर आल्यावर त्याचा धक्का झेलणारे रबर, पाहा. एवढे दिवस धाडकन आवाज येत होता, म्हणजे त्या रबराचे तुकडे झाले असतील. स्प्रिंग नवी आणि बंप स्टॉप नाही, अशी गाडी भार घेतल्यावर लोखंडावर लोखंड आपटते.

आणि एक बोलतो, राग मानू नका. बहारात महिनाभर भाड्याचा पिकअप परवडतो. खासगी गाडीत एवढा माल नेणे नियमातही बसत नाही. दर दहा वर्षांनी स्प्रिंगा विकायला मला काही अडचण नाही.

संत्राबाग_काटोल

रविवारी काम झाले. लिहायला उशीर झाला, कारण मधे पाचशे किलोमीटर चालवून पुन्हा मोजायचे होते.

घोड्या साठ सेंटिमीटरच्या भाड्याने आणल्या, काँक्रीटसाठी शेजाऱ्यांची पार्किंग मागितली, आणि मेहुणा सोबत होता. पावणेसहाला सुरुवात केली, पावणेअकराला शेवटचा बोल्ट आवळला. ताईंनी सांगितलेल्या क्रमात एकच बदल करावा लागला: ब्रेकच्या नळीचा ब्रॅकेट गंजामुळे निघाला नाही, म्हणून मेहुणा पूर्ण वेळ तिच्याकडे पाहत बसला आणि ती ताणायला लागण्यापूर्वी दोनदा जॅक थांबवला. उजवी स्प्रिंग हाताने निघाली. डावीसाठी मी ॲक्सलच्या टोकावर उभा राहिलो.

सर, डाव्या स्प्रिंगचा खालचा वेटोळा खरोखरच तुटलेला होता. सुमारे अकरा सेंटिमीटरचा तुकडा वाटीत मातीखाली, गंजून काळा पडलेला, पाहता क्षणी ओळखूही येत नव्हता. तुटलेल्या टोकाचा अर्धा भाग जुना गंजलेला आणि उरलेला चकचकीत होता. म्हणजे भेग बरेच दिवस होती आणि पूर्ण तुटणे अलीकडचे असावे. तुकडा बाजूला ठेवून उजवी स्प्रिंग नवीच्या शेजारी उभी केली, ती २१ मिमी आखूड निघाली. गाडीवर मोजलेल्या २२ शी हे जवळपास तंतोतंत जुळते. भट्टीवाल्याकडे गेलो असतो तर त्याने बहुधा तुटलेलीच स्प्रिंग ताणून दिली असती.

बंप स्टॉपबद्दल भाऊ तुम्ही म्हणालात ते खरे होते. डावीकडचा अर्धाच शिल्लक होता. नवे मिळायला दोन दिवस लागले, तोवर गाडी उभी ठेवली.

काम झाल्या दिवशी मापे डावीकडे ५१४ आणि उजवीकडे ५१३ होती. पाचशे किलोमीटरनंतर, यात पांदणीच्या चार फेऱ्या आल्या, दोन्ही बाजूंना ५०९. चाकांचे नट शंभर किलोमीटरवर पुन्हा तपासले, एक किंचित फिरला. गतिरोधकावरचा आवाज गेला आहे. दिव्यांना हात लावलेला नाही, तरी परवा रात्री कोंढाळीपासून घरापर्यंत एकानेही डिपर मारला नाही.

पिकअपचे भाडे विचारून ठेवले आहे. तुटलेला तुकडा धुऊन ठेवला आहे. ताई, सर, नागपुरात असाल तर दाखवायला आणतो.

पेंच_वाटाडी

आणाच. आणि ब्रॅकेटचा तो गंजलेला बोल्ट पावसाळ्यापूर्वी भाऊंच्या गॅरेजात काढून नवा घालून घ्या, कारण पुढच्या वेळी ब्रेकचे काम निघेल तेव्हा तोच आडवा येईल.

घाटरोड_मिस्त्री

शनिवारी सकाळी घेऊन या.